सरळ रस्त्यावरचा ब्रेक

"हे काय आहे?"

तपासनीसाने डाव्या सीटखाली टॉर्च धरला होता.

"ब्रेक. आन् शेजारी क्लच," सुहास ओव्हाळ म्हणाला.

"ते दिसतंय. डावीकडे कशाला?"

"माझी सीट हाय ना ती."

तपासनीसाने मान वर केली. चैताली पुढे आली. "सर, ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे. शिकणारा उजवीकडे बसतो, पप्पा डावीकडे. डबल कंट्रोल."

"आज चालेल. आज नवीन लोकांच्या शेजारी आमचा कोच बसणार. उद्या वेळ लावून धावा आहेत, गाडीत एकटा माणूस. उद्या हे काढून आणा. डाव्या बाजूला सुटं काही नको."

"सुटं न्हाई ते. मी सोता बसवलंय."

"काढून आणा," तपासनीस म्हणाला आणि दारावर ३१ आकड्याचा स्टिकर चिकटवून पुढच्या गाडीकडे गेला. स्टिकरखाली 'प्रज्ञा मोटर ट्रेनिंग स्कूल, कामशेत' यातलं मधलं बरंचसं झाकलं गेलं. 'प्रज्ञा' राहिलं आणि 'कामशेत' राहिलं.

*

नाव: सुहास केरबा ओव्हाळ.
वय: एक्कावन्न.
व्यवसाय: मोटार ट्रेनिंग स्कूल, स्वतःचे.
वाहन: पांढरी हॅचबॅक, २०१४.
रक्तगट: बी पॉझिटिव्ह.
स्पर्धेचा पूर्वानुभव: नाही.
भाग घेण्याचा उद्देश: 

ही जागा चैतालीने आधी कोरी सोडली होती. कोरी असली की फॉर्म पुढेच जाईना. मग तिने 'आवड' असं लिहिलं.

*

आवड नव्हती. नोव्हेंबरात भाजे गावच्या आशा सेविका नंदाबाई शिकायला गाडीवर होत्या. चौदावा दिवस. जुन्या हायवेने मळवली फाट्याजवळ, सकाळी साडेसात, समोर कुणी नाही. सुहासच्या पायाने डावीकडचा ब्रेक दाबला. पूर्ण. मागचा दुधाचा टेम्पो येऊन आदळला. नंदाबाईंच्या मानेला सहा आठवडे पट्टा लागला. टेम्पोवाल्या भिकाजीवर केस झाली, कारण मागून ठोकतो त्याचीच चूक धरतात.

"सर, पुढं काय व्हतं ओ?" नंदाबाईंनी तेव्हाच विचारलं होतं, मान धरून.

"कुत्रं आलं," सुहासने सांगितलं. पोलिसांना तेच सांगितलं, घरी तेच.

त्यानंतर पाय वारंवार ब्रेकवर पडू लागला. शिकणारा सरळ, नीट चालवत असताना. एका तासात तीनदा, चारदा. बायामाणसं दचकायची, पोरं हसायची, मग दोघांतिघांनी दत्तोबाच्या स्कूलमध्ये नाव घातलं. तळेगावच्या डॉक्टरांनी नसा तपासल्या. नसा बऱ्या होत्या.

"तुम्ही घाबरलाय, पप्पा," चैताली म्हणाली. ती लोणावळ्याला एका हॉटेलात रिसेप्शनवर होती आणि तिथेच उतरलेल्या रेसवाल्या मंडळींकडून तिला एका ट्रॅकबद्दल कळलं होतं. कान्हे गावाच्या मागच्या माळावर दोन वर्षांपूर्वी खासगी ट्रॅक झाला होता. सव्वादोन किलोमीटर, नऊ वळणं. तिथे हौशी लोकांसाठी शनिवार-रविवार घड्याळाची स्पर्धा असायची. एका वेळी एकच गाडी सोडायची. पुढे कुणी नाही, शेजारी कुणी नाही. सगळ्यांत कमी वेळाची फेरी धरायची.

"तिथं शिकाऊ माणूस नाही, कुत्रं नाही, टेम्पो नाही. मोकळा रस्ता. तिथं जर पाय गप्प बसला, तर ती भीतीच आहे. भीती जाते."

"आन् न्हाई बसला तर?"

 याचं उत्तर सुहासनेच दिलं. "मग सोमवारी बोर्ड उतरवायचा. दुसऱ्याच्या पोरांना घिऊन मी न्हाई हिंडनार." रेणुकाला, बायकोला, यातलं काही सांगायचं नाही असं ठरलं. तिला स्पर्धा एवढंच माहीत होतं.

*

शनिवार. पहिली फेरी. २:२६.१०

डाव्या सीटवर ट्रॅकचा कोच स्वराज बसला. वय सव्वीस, हेल्मेटमधून फक्त डोळे.

"सर, पट्टा वडून घ्या जरा," सुहास म्हणाला.

"मला सर नका म्हणू, काका."

"तुमी शिकवनार ना? मग सर. आमच्यात जो डावीकडं बसतो त्यो सर."

गाडी निघाली. पहिल्या वळणाआधी सुहासने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला.

"काका, इंडिकेटर कुणाला दाखवताय?"

"सवय हाय."

तिसरं वळण टेकाडाच्या आड होतं. पलीकडचं दिसत नव्हतं. सुहासने लांबलचक हॉर्न वाजवला.

"हॉर्न?"

"आंधळं वळान हाय."

"पलीकडून कुणी येत नाही हो इथं. सगळे एकाच दिशेने जातात."

"ते खरं. पर आपन वाजवलेला बरा."

पुढच्या फेरीला झेंडेवाले आधीच हसत उभे होते, आणि हॉर्न वाजल्यावर एकाने हात वर करून सलाम केला. तिथून पुढे दिवसभर त्याला सगळे 'घाटवाले काका' म्हणू लागले. सुहासला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. त्याला पायाकडे लक्ष द्यायचं होतं आणि पाय शांत होता. स्वराज सांगेल तिथे ब्रेक, सांगेल तिथे गॅस. बावीस वर्षं तो दुसऱ्याला सांगत होता, आता कुणी त्याला सांगत होतं.

"अजून उशिरा. अजून. त्या पिवळ्या पाटीपर्यंत ब्रेकला हातच लावायचा नाही."

"पाय," सुहास म्हणाला.

"काय?"

"ब्रेकला पाय लावत्यात."

स्वराज इतका हसला की पुढचं वळण सांगायचं राहिलं.

*

शनिवार. बारावी फेरी. १:५८.४४

खाली उतरून त्याने हेल्मेट काढलं. फेब्रुवारीचं ऊन होतं, माळावरचं गवत पिवळं झालेलं. चैतालीने वडापाव आणून ठेवला होता.

"आला का?" तिने हळूच विचारलं.

"न्हाई."

"एकदाही?"

"एकदाबी न्हाई. तुज्या आईची शपथ." तो वडापाव खाताना हसत होता. "सोमवारी सातच्या ब्याचला फोन कर. म्हनावं या."

चैतालीने मोबाईल काढला. तेवढ्यात स्वराज टॅब घेऊन आला.

*

गाडीत लावलेल्या यंत्राने काढलेला आलेख असा होता. वर निळी रेघ, गाडीचा वेग. खाली लाल रेघ, ब्रेक. ब्रेक दाबला की लाल रेघ वर उठते, सोडला की खाली बसते. नऊ वळणं, त्यामुळे नऊ उठाव असायला हवेत. खरं तर सातच, कारण दोन वळणं नुसता गॅस सोडून निघतात.

स्वराजने बोट ठेवलं. पाचवं आणि सहावं वळण यांच्यामधे मागचा लांब सरळ रस्ता होता, चारशे मीटर. तिथे लाल रेघेला दोन बारीक टेकाडं होती.

"काका, इथं तुम्ही ब्रेक का मारताय?"

"म्या न्हाई मारला."

"हे बघा ना. एकदा इथं, एकदा इथं. अगदी हलका. प्रत्येक फेरीला आहे. कधी दोन, कधी तीन."

सुहासने टॅब हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. चष्मा गाडीत होता. चष्म्याशिवायही टेकाडं दिसत होती.

"सर, तुमी डावीकडं बसलावता," तो म्हणाला. "तितं बी ब्रेक हाय. तुमचा पाय लागला असंल."

"मी पाय मागे घेऊन बसलो होतो."

"मागं घेतला तरी लागतो. माणूस दचकला की लागतो. मला म्हाईत हाय."

"काका, मी रोज लोकांबरोबर बसतो."

"डावीकडचा दाबला काय, उजवीकडचा दाबला काय, वायर एकच हाय. हे यंत्र नुसतं ब्रेक म्हनतंय. कुनाचा पाय ते सांगतंय का?"

"नाही," स्वराज म्हणाला. त्याने चैतालीकडे पाहिलं. "ते नाही सांगत."

"मग झालं."

चैतालीने मोबाईल पुन्हा पर्समध्ये टाकला. फोन केला नाही.

*

संध्याकाळी साडेपाचला कामशेतच्या गल्लीत, घरासमोर, सुहास डाव्या सीटखाली उताणा शिरला आणि डबल कंट्रोल सोडवलं. चार बोल्ट, एक वायर, एक रॉड. ब्रेकच्या पॅडलवरचं रबर मधोमध झिजून गुळगुळीत झालं होतं. क्लचचं जवळजवळ नवं होतं.

"बावीस वर्षांत एवढंच झिजलं होय," रेणुका चहा देताना म्हणाली.

"हे तिसरंय. आदी दोनदा बदललं."

"मग उद्या काय, कप आणनार का?"

"बगू."

त्याने पॅडलं वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत न ठेवता घरात, कपाटावर ठेवली. उद्या गाडीत ती कुठेच नकोत. उद्या जे होईल ते एकाच पायाचं.

*

रविवार. पहिली धाव. १:५४.३१

डावीकडे रिकामी सीट. हॉर्न वाजवला नाही. तिसऱ्या वळणावर अंगठा हॉर्नवर गेला होता, तो त्याने उचलून धरला. पाय गप्प होता, शपथेवर गप्प.

लाल रेघ: मागच्या सरळ रस्त्यावर तीन टेकाडं. सुरुवातीच्या सरळ रस्त्यावर दोन.

सुहासने डाव्या सीटखाली वाकून पाहिलं. चार भोकं होती, बोल्टांची. बाकी काही नव्हतं.

*

रविवार. दुसरी धाव. १:५२.०६

"मस्त," स्वराज म्हणाला. "दोन सेकंद काढले. वळणं सुंदर घेताय तुम्ही, खरंच."

"किती?"

"१:५२."

"टायम न्हाई. टेकाडं."

स्वराजला आता यातलं थोडं समजलं होतं, पण कुठवर बोलावं हे समजलं नव्हतं. "सहा. पण काका, त्याने काय फरक पडतो? सगळ्या फेरीत मिळून अर्धा सेकंद. घड्याळाला कळतही नाही. माझ्याकडे एक डॉक्टर येतात, ते प्रत्येक वळणाला डोळे मिटतात. प्रत्येकाचं काहीतरी असतं."

"त्यांच्या शेजारी कोन बसतं?"

"कुणी नाही."

"मग त्यांचं चालतंय," सुहास म्हणाला.

चैताली बाजूला उभी होती. तिने पाण्याची बाटली पुढे केली. त्याने घेतली, झाकण उघडलं, पुन्हा लावलं आणि परत दिली.

"पप्पा, तिसरी राहू द्या. घरी जाऊ."

"फी भरलीय ना तिसरीची."

"असू दे."

"येकदा बोलून बगतो त्याच्याशी," सुहास म्हणाला. त्याने कुणाशी ते सांगितलं नाही. खाली बुटाकडे पाहिलं.

*

रविवार. तिसरी धाव.

चला मॅडम पट्टा लावा आरसा बघा घाई न्हाई कुनाची गाडी न्हाई आपल्याला कुटं जायचं न्हाई पयला टाका सोडा क्लच हळू आता गॅस द्या अजून द्या भिऊ नका मी हाय शेजारी दुसरा तिसरा वळान येतंय आता ब्रेक आता सोडा वळू द्या गाडीला तिला म्हाईत हाय कुटं वळायचं शाब्बास आता गॅस आंधळं वळान हाय हॉर्न नको कोन येत न्हाई सगळे येकाच बाजूला जात्यात ब्रेक सोडा गॅस चौथं पाचवं लय भारी मॅडम तुमी तर शिकलाच की आता हा सरळ रस्ता हितं काय न्हाई हितं कायबी न्हाई हितं पाय गॅसवर ठेवायचा नुसता ठेवायचा समोर बगा काय हाय का न्हाई कुत्रं हाय का न्हाई मग पाय उचलू नका मॅडम पाय उचलू नका

या वेळी त्याला कळलं. पाय उठला. गॅसवरून डावीकडे सरकला, ब्रेकला टेकला, परत आला. हलकेच, एखादं मूल झोपेत कूस बदलतं तसा. सुहासने तो पाहिला, शिकाऊ माणसाचा पाय पाहावा तसा. पुन्हा उठला. तो मोठ्याने "नको" म्हणाला. हेल्मेटमध्ये आवाज घुमला. पाय ब्रेकला टेकून परत आला.

डावीकडून ब्रेक मारता येतो. शिकणाऱ्याने मारलेला ब्रेक डावीकडून काढता येत नाही. बावीस वर्षांत त्याला याची गरज पडली नव्हती, कारण कुणी जादा ब्रेक मारला तर गाडी थांबायची, एवढंच. थांबलेल्या गाडीला काय भ्यायचं, असं तो सगळ्यांना सांगायचा.

सहावं वळण आलं. त्याने ते सुंदर घेतलं.

१:४९.८७

*

लाल रेघ त्याने पाहिली नाही. चैतालीने पाहिली. तिने मोजली, मग बोट उचलून पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"किती ते नको सांगू," सुहास म्हणाला.

तिने टॅब स्वराजला परत दिला.

गाडीच्या सावलीत दोघं जमिनीवर बसले. एक्स्प्रेसवेच्या बाजूने ट्रकांचा आवाज येत होता, सारखा. ट्रॅकवर शेवटच्या गटातली लाल गाडी सुटली होती आणि माईकवरचा माणूस तिच्या मालकाचं नाव चुकीचं सांगत होता.

"चैताली."

"हं."

"मळवलीला कुत्रं नव्हतं."

तिने वळून पाहिलं.

"काय नव्हतं. रस्ता मोकळा व्हता. नंदाबाई चांगल्या चालवत व्हत्या, मी त्यांना चांगलं म्हनायला तोंड उघाडलं व्हतं. आन् पाय गेला."

"मग भिकाजीवर केस—"

"व्हय."

"तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलं?"

"कुत्रं व्हतं तवर बरं व्हतं," सुहास म्हणाला. "कुत्रं आलं तर कुनीबी ब्रेक मारतो."

चैतालीने गवताची काडी उपटली, तिचे तुकडे केले. "आपण पुण्याला दाखवू. मोठ्या डॉक्टरला."

"दाखवू."

"औषधं असतात."

"असत्यात."

"पप्पा, नुसतं हो हो करू नका."

"मग काय करू?" त्याने खरोखर विचारलं. चैतालीकडे पाहून, उत्तर येईल अशा बेताने थांबून. तिने हातातले काडीचे तुकडे झटकले.

"भिकाजीकडं जायचं मला या आठवड्यात," तो म्हणाला. "त्याला सांगायचं. मग पोलिसांत."

*

नवशिक्यांचा गट, निकाल: चार गाड्या. त्यातल्या एकीचं इंजिन तापलं. तिसरा क्रमांक, गाडी नंबर ३१.

"घाटवाले काका!" माईकवरचा माणूस ओरडला, आणि झेंडेवाल्यांनी तोंडाने हॉर्न वाजवले. सुहास पायरीवर चढला, पदक घालून घ्यायला वाकला. वाकल्यावर टाळ्या जास्त झाल्या. स्वराजने हात मिळवला. "पुढच्या महिन्यात या काका. तुम्ही १:४५ मध्ये येता, मी लिहून देतो."

"सर, शिकवलंत चांगलं," सुहास म्हणाला. त्याने स्वराजचा हात दोन्ही हातांत धरला. "डावीकडं बसताना पाय मागंच ठेवत जा."

*

किल्ली त्याने चैतालीला दिली. तिला गाडी त्यानेच शिकवली होती, सहा वर्षांपूर्वी, याच डाव्या सीटवरून. ती उजवीकडे बसली आणि वाकून तिने त्याच्यासाठी डावं दार आतून उघडलं.

सुहासने ते बाहेरून लावलं. मागचं दार उघडून तो मागे बसला.

"पप्पा, पुढं या ना."

"चल."

या गाडीत तो मागे कधीच बसला नव्हता. पुढच्याचा तास चालू असताना दुसरा शिकाऊ मागे बसून बघायचा, त्याची ही जागा. सीटच्या कव्हरवर कुणीतरी पेनाने लायसनच्या परीक्षेच्या खुणा गिरवल्या होत्या: त्रिकोण, गोल, मधे रेघ. पट्टा ओढला तर कडक निघाला, धुळीचा. त्याने लावला.

चैतालीने जुना हायवे घेतला. पुढे एक एसटी थांबली. तिने वेळेवर ब्रेक मारला, जेवढा लागतो तेवढाच. सुहासला तिचा खांदा दिसत होता आणि खांद्यावरून समोरचा रस्ता, तोही अर्धाच.

"आईला काय सांगायचं?" तिने आरशातून विचारलं.

"आदी पदक दाखव. बाकीचं मी सांगतो. जेवन झाल्यावर."

*

गल्लीत गाडी लावून चैताली पदक घेऊन आत पळाली. "आई, आई बघ काय," असा तिचा आवाज आतून आला, हवा त्याहून जरा मोठा. रेणुकाचा आवाज आला. शेजारच्या घरातूनही कुणीतरी विचारत होतं.

सुहासने पट्टा काढला आणि दाराची कडी ओढली. दार उघडलं नाही. पुन्हा ओढली. मग त्याच्या लक्षात आलं. दोन वर्षांपूर्वी एक बाई लहान मुलाला घेऊन शिकायला यायची, मूल मागे बसायचं. तेव्हा त्याने मागच्या दोन्ही दारांची लहान मुलांची लॉकं लावून टाकली होती. आतून कितीही ओढलं तरी उघडायची नाहीत. नंतर काढायची राहिली.

"सर, जिंकला म्हनं," काचेशी गोरख उभा होता. चाळिशीचा, बाजारात भाजीचा गाळा. त्याचे शिकवणीचे एकोणीस तास झाले होते. "तुमी मागं का बसलाय?"

"बसलोय."

"उद्या सातला येऊ ना? शुक्रवारी टेस्ट हाय. माजा रिवर्स अजून लय कच्चा हाय, सर."

काच अर्धीच खाली आली. मागच्या काचा तेवढ्याच येतात.

"दत्तोबाकडं जा," सुहास म्हणाला. "मी फोन करतो त्याला. तुजे राहिलेले दिस त्यो घील."

"त्याच्याकडं? तुमीच म्हनत व्हता, त्यो मोबाईल बगत बसतो."

"बगू दे. त्याचा पाय चांगला हाय."

गोरखला ते समजलं नाही. तो थोडा वेळ उभा राहिला, काही तरी जोडून सांगतील म्हणून. मग "बरं सर" म्हणाला आणि गल्लीच्या तोंडाकडे चालू लागला. दोनदा त्याने वळून पाहिलं.

दार बाहेरून उघड, एवढं त्याला सांगायचं राहून गेलं. पुढच्या दोन सीटांमधून वाकून पलीकडे जाता आलं असतं. हाक मारता आली असती. आत रेणुका हसत होती आणि पदकाचा टणत्कार होत होता, कुणीतरी ते ताटावर वाजवून बघत असावं. सुहासने दोन्ही पाय एकमेकांशेजारी नीट ठेवले, हात गुडघ्यांवर ठेवले, आणि कुणी बाहेर येईपर्यंत बसून राहिला.